बरणी कुणी सरकवली

रविवारी सकाळी मी कुणाचं ऐकत नाही. पाहुणे असोत, पूजा असो, मी पिशवी खांद्याला लावते, इंदोरा चौकातून मेट्रो पकडते आणि उज्ज्वल नगरला उतरून वैदेहीच्या घरी जाते. आमचे देवराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यापासून घरातला चहा तेच करतात आणि माझ्यापेक्षा बरा करतात, त्यामुळे माझ्यावाचून तिथे कुणाचं अडत नाही. "जाय वं, तुही शाळा भरली असंन," म्हणतात आणि पेपरात डोकं घालतात.

शाळाच म्हणायची. वैदेहीची आई वीज केंद्राच्या कॉलनीत आमची शेजारीण होती, त्या ओळखीनं मी तिथे पोचले. पोरगी मिहानमधल्या एका कंपनीत आहे. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं तिचं काम. मला हे काम फार आवडलं. मी आयुष्यभर फुकट केलं. तर या वैदेहीला कथा लिहायची होती आणि ती जमत नव्हती. मग तिनं ठरवलं, आधी चांगल्या कथा उसवून बघायच्या. जुना ब्लाउज उसवला की नवा कसा बेतायचा ते कळतं, तसं. एकटीनं उसवण्यात मजा नाही, म्हणून तिनं आम्हाला गोळा केलं. मी, ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवणारी मोनाली आणि जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गणपतराव.

आमची पद्धत अशी. पाळीपाळीनं एकानं कथा आणायची. झेरॉक्स काढताना वर कागदाची पट्टी ठेवून लेखकाचं नाव झाकायचं. नाव दिसलं की माणूस माना डोलवायला लागतो आणि वाचायचं राहून जातं. मोनालीनं एकदा सगळी कथा मोठ्यानं वाचायची. मग पेन्सिल घेऊन पुन्हा, सावकाश, वाक्यावाक्यानं. आणि शेवटी वैदेहीची स्टीलची फूटपट्टी. ज्या वाक्याबद्दल शंका असेल त्यावर पट्टी ठेवायची, ते वाक्य नाहीच असं समजून वाचायचं, आणि कथा लंगडते का ते बघायचं. लंगडली तर वाक्य कामाचं. नाही लंगडली तर लेखकाला ते आवडलं होतं म्हणून ठेवलेलं.

मला सुरुवातीला हे थोतांड वाटलं. गोष्ट वाचावी, रडू आलं तर रडावं, पुस्तक मिटून भाजी निवडायला घ्यावी, एवढंच मला माहीत. पण एका रविवारी आम्ही एक कथा उसवली. त्यात म्हातारा बाप शहरातल्या मुलाकडे येतो आणि पहिल्याच दिवशी विचारतो, "चपला कुठे ठेवू?" कथेत पुढे बरंच काही होतं, भांडण होतं, दवाखाना होता. पण त्या चपलांच्या वाक्यावर पट्टी ठेवली तर पुढचं सगळं रिकामं वाटायला लागलं. बाप त्या घरात पाहुणा आहे हे लेखक कुठेच म्हणत नव्हता, ते काम त्या चपला करत होत्या. मी मेट्रोत बसून घरापर्यंत तोच विचार करत आले. इतकी वर्षं मी गोष्टी गिळत होते, चव तर घेतलीच नव्हती.

गणपतरावांशी मात्र माझं सुरुवातीपासून जमलं नाही. त्यांना प्रत्येक कथेचा नकाशा काढायची खोड. झेरॉक्सच्या मागच्या बाजूला घर काढायचं, दार कुठे, खाट कुठे, कोण कुठे उभं. कथेत नवरा-बायकोचा प्राण कंठाशी आलेला असतो आणि हे विचारतात, "खिडकी पूर्वेकडं का पश्चिमेकडं?" एकदा मी म्हटलं, "गणपतराव, तुमाले गोष्टीतलं घर विकत घ्याचं हाय का?" तर म्हणाले, "ताई, घर समजल्याबिगर मानूस समजत नाई." मला ते पटलं नव्हतं.

आणि मग मी कथा लिहिली.

कशाबद्दल लिहिली ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे. लग्न झाल्यावर मी काटोलकडच्या गावी सासरी राहिले. घरात मोठी जाऊ पार्वतीबाई. आम्ही तिला मोठीबाई म्हणतो. एकदा आखाजीच्या सणाला घरी पाहुणे होते आणि वरणात दोनदा मीठ पडलं. एकदा मी टाकलं, एकदा तिनं. पाहुण्यांनी एक घास घेतला आणि पाण्याचे तांबे रिकामे केले. मी म्हटलं तुम्ही टाकलं, ती म्हणाली तू टाकलं. दोघींनीही टाकलं होतं, त्यामुळे दोघींचंही खरं होतं, आणि म्हणूनच भांडण मिटेना. त्या दिवसापासून आम्ही बोलणं बंद केलं. एका घरात, एका स्वयंपाकखोलीत, शेजारशेजारच्या दोन चुलींवर आम्ही दोघी वर्षभराच्या वर मुक्यानं रांधत होतो.

आता घरात कुणालाही विचारा. पार्वतीबाई म्हणजे गरीब गाय, आणि पुष्पलता म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. लग्नकार्यात चार बायका जमल्या की हेच. माझी जीभ तिखट आहे, ते मी नाकारत नाही. पण तो अबोला मी मोडला होता! मोठीबाईला ताप आला तेव्हा मीच कण्या शिजवून तिच्या उशाशी नेल्या आणि मीच आधी तोंड उघडलं. हे कुणालाच आठवत नाही. पुढे देवरावांना कॉलनीत क्वार्टर मिळालं, आम्ही गाव सोडलं, आणि मोठीबाईशी माझं नातं "काय, बरं हाय ना?" एवढ्यावर राहिलं. मनातली ही सल मात्र गेली नाही. इथल्या एका दिवाळी अंकाला गणपतीच्या आत कथा पाठवायची होती. छापून आली असती म्हणजे गावापर्यंत पोचली असती. मला शेवटचा शब्द हवा होता आणि तो छापील हवा होता.

कथेत नावं दिली नाहीत. थोरली आणि धाकटी, बस. उगीच कुणी ओळखायला नको. थोरलीला मी दगड केलं, धाकटीला सोनं. शेवटी धाकटी कण्यांचा वाडगा पुढे करून म्हणते, "मोठीबाई, मीठ पाहा बरोबर आहे का," आणि त्यानंतर एक वाक्य मी फार मन लावून लिहिलं होतं: 'त्या क्षणी अहंकाराची भिंत कोसळली आणि दोन मनांमधून प्रेमाची गंगा वाहू लागली.'

कथा आणायची पाळी माझी आली तेव्हा मी तीच कथा टाइप करून घेतली, वर नाव झाकल्यासारखी जागा सोडली आणि चार प्रती काढल्या. मनाशी ठरवलं, यांना ही कुणा मुरलेल्या लेखकाची वाटली तर दुसऱ्याच दिवशी अंकाला पाठवायची. नाही वाटली तर कागद चुलीत. आता गॅस आहे, पण मनात तरी चुलीत.

मोनालीनं वाचायला सुरुवात केली. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे न्हाणीघराचं दार उघडं राहिल्यासारखं आहे. वाचून होईपर्यंत मी पोह्यांच्या बशीत चमचा फिरवत बसले.

"बाईनंच लिहिली असंन," गणपतराव म्हणाले. "मानसाले घरात मीठ कुठं असते हे मालूम नसते."

"नावं दिली नाहीत, ते मला फार आवडलं," मोनाली म्हणाली. "थोरली, धाकटी. म्हणजे त्या घरात त्यांना स्वतःचं नावच उरलेलं नाही."

मी भीतीपोटी नावं टाळली होती. पण म्हटलं, असेल बुवा. चांगलं म्हणतायत तर कशाला तोडा.

मग पट्टी निघाली. वैदेहीनं ती सरळ माझ्या गंगेवर ठेवली. मोनालीनं गंगेशिवाय शेवट वाचला. कथा लंगडली नाही. उलट हलकी झाली.

"गंगा गेली तं काईच बिघडलं नाई," गणपतराव म्हणाले.

त्या वाक्यासाठी मी दोन दुपारी घालवल्या होत्या. पण वाचताना माझ्याही कानाला ते कळलं होतं, आता खोटं कशाला बोलू? मी वाद घातला नाही याचं वैदेहीला नवल वाटलं. "काकू, आज तुम्ही भांडून नाही राहिल्या?" तिनं विचारलं. मी घसा बसल्याचं सांगितलं.

तेवढ्यात गणपतरावांनी झेरॉक्स उलटी केली. नकाशा काढला होताच. दोन चुली, ओसरीचं दार, मागची भिंत. पेन्सिल कानावर अडकवून ते म्हणाले, "हे काई बसत नाई. लेखिका चुकली इथं."

"काय चुकली?" मी जरा जोरातच विचारलं. घसा बसल्याचं विसरले.

"पाह्या. पयल्या पानावर मिठाची बरनी थोरलीच्या पाठीमागं, भिंतीतल्या कोनाड्यात. धाकटीचा हात तिथं पोचत नाई. तिले मीठ पायजे तं ओसरीच्या दारापर्यंत उठून जा लागते, सासूले सांगा लागते, सासू थोरलीले हाक मारते, मंग थोरली बरनी आदळते. बरोबर?"

"बरोबर," मोनाली म्हणाली. "तो फार छान भाग आहे."

"आता तिसरं पान. कढीचा दिवस. वाचा."

मोनालीनं वाचलं. 'धाकटीनं बसल्या जागेवरून हात लांब केला, बरणीतलं चिमूटभर मीठ कढीत टाकलं.'

"बसल्या जागेवरून!" गणपतराव म्हणाले. "हात काय रबराचा हाय? बरनी कोनाड्यात. मी मोजून पाह्यलं. विसरली बाई. आपलंच लिहिलेलं विसरली."

खरंच विसरले होते. पहिलं पान लिहिलं आणि तिसरं पान लिहिलं त्यात मध्ये घरी पाहुणे येऊन गेले होते, कसलं लक्ष राहतंय. झालं, म्हटलं, पितळ उघडं पडलं. मुरलेल्या लेखकाकडून अशी चूक होत नाही. कागद चुलीत.

पण वैदेही नकाशावर वाकली होती. चुका शोधण्याचा पगार घेणारी ती पोरगी चूक मानायला तयार नव्हती. "काका, ऑफिसमध्ये मला असं दिसलं तर मी चूक म्हणून नोंदवून मोकळी होते. पण इथे आधी विचारू ना. चूक नसेल तर काय असेल?"

"चूक नसंन तं बरनी सरकली असंन."

"कुणी सरकवली?"

"सासूनं," गणपतराव म्हणाले.

"सासू ओसरीवरून उठतच नाही. पूर्ण कथेत एकदाही स्वयंपाकखोलीत येत नाही. धाकटीनं सरकवली असती तर कथा तिच्याच बाजूनं चालली आहे, आपल्याला कळलं असतं." वैदेहीनं बोट थोरलीच्या चुलीवर ठेवलं. "खोलीत आणखी कोण आहे?"

मोनालीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "थोरलीनं सरकवली. दोघींच्या मधे आणून ठेवली. आणि एक शब्द बोलली नाही."

"आणि धाकटीला कळलंसुद्धा नाही," वैदेही म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ती हात लांब करते, मीठ घेते, थोरलीला मनातल्या मनात दगड म्हणते आणि पुढच्या पानावर समजते की अबोला आपण मोडला. अबोला तर कधीचा मोडलेला आहे! लेखिकेनं तो एका बरणीत मोडला आणि धाकटीपासून लपवला. काकू, कुठून आणली तुम्ही ही कथा?"

तिनं पट्टी उचलली आणि शेवटच्या सबंध प्रसंगावर ठेवली. ताप, कण्या, 'मीठ पाहा', सगळं पट्टीखाली आणि तळहाताखाली गेलं. कथा हात लांब करून मीठ घेण्याशी संपली. गणपतरावसुद्धा पेन्सिल चावत म्हणाले, "असं पाह्यलं तं चांगली हाय गा गोष्ट."

माझ्या आयुष्यातला विजयाचा प्रसंग एका पोरीच्या तळहाताखाली झाकला गेला होता आणि सगळे वाहवा करत होते. चूक माझी, कौतुक माझं, आणि नायिका मोठीबाई! मला हसावं का चिडावं कळेना.

शेवटी नाव सांगायची वेळ आली. मी या क्षणाची किती स्वप्नं पाहिली होती. गणपतरावांचं उघडं पडलेलं तोंड मी डोळ्यांसमोर शंभर वेळा आणलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "नाव पुढच्या रविवारी सांगते. लेखिकेला एक विचारायचं आहे."

घरी आले ती चूक दुरुस्त करायला. सोपं काम होतं, तिसऱ्या पानावर 'बसल्या जागेवरून' काढायचं आणि 'उठून' लिहायचं. पेन घेतलं आणि डोळे मिटले, नीट आठवावं म्हणून. कढीचा तो दिवस मला लख्ख दिसला. चुलीतला धूर, ताकाचा वास, आणि माझा हात. हात लांब झाला होता. बरणी दोन चुलींच्या मधे, सारवलेल्या जमिनीवर होती, तिच्याखाली फडक्याची घडी होती. मी बसलेलीच होते.

मग पहिलं पान आठवलं. कोनाडाही तितकाच लख्ख. ओसरीच्या दारापर्यंतच्या येरझारा, सासूबाईंची हाक, बरणी आदळल्याचा आवाज. दोन्ही खरं होतं. मी जे पाहिलं तेच दोन्हीकडे लिहिलं होतं, फक्त दोन पानं शेजारी ठेवून कधी वाचली नव्हती.

देवरावांना विचारलं, "अवो, गावी आपली मिठाची बरनी कुठं राहे?"

"म्या कवा पाह्यलं बरनीकडं? वरनात मीठ असलं म्हंजे झालं." गणपतराव म्हणाले ते खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपल्यावर मी गावी फोन लावला. मोठीबाईला फोन लावायला मला कारण लागतं, कुणाचं लग्न नाहीतर कुणाचं मरण. तिनंही उचलल्या उचलल्या तेच विचारलं, "काय झालं वं पुष्पे? समदे बरे हायेत ना?"

"बरे हायेत. मोठीबाई, एक विचारू? आपलं बोलनं बंद होतं तवा मिठाची बरनी कोनाड्यातून मधात कोनं आनून ठेवली होती?"

पलीकडून तिचं हसू आलं, दात नसलेल्या तोंडाचं, फसफसतं. "आता मीठ आठवलं वं तुले?"

"सांगा ना."

"म्या ठेवली. रजत होता ना तुह्या पोटात. सातवा लागला होता. मिठासाठी घडी-घडी उठे तू, कमरेवर हात ठेवून दारापर्यंत जाय. माह्यानं पाहवत नोतं. मंग एका सकाळी तू न्हाणीत होती तवा देली सरकवून मधात."

माझा मुलगा रजत तेव्हा पोटात होता हे मी कथेत घातलंच नव्हतं. माझ्या गोष्टीत मी ते अनावश्यक समजून गाळलं होतं. तिनं मात्र पहिल्यांदा तेच सांगितलं.

"मंग तवा सांगतलं काहून नाई मले?" मी विचारलं.

"सांगाले बोला लागते ना, बाई," मोठीबाई म्हणाली. "बोलनं तं बंद होतं आपलं."

मला रडू आलं. मी साठी ओलांडलेली बाई, पदर तोंडात धरून हुंदके देत होते, आणि देवराव दारात येऊन कोण गेलं म्हणून खुणेनं विचारत होते. इतकी वर्षं मी जिच्यावर रुसून होते तिनं माझ्यासाठी केलेलं माझ्या हाताला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी रोज त्या बरणीत हात घालत होते आणि रोज तिला नावं ठेवत होते. मोठीबाई पलीकडून "काहून रडून राहिली वं, काय झालं" विचारत राहिली. मग मी सगळं सांगितलं. रविवारची शाळा, नकाशा, पट्टी, कथा.

"माह्यावर गोष्ट लिहिली?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम तरतरीत झाला. "वाचून दाखव बरं."

आता आली का पंचाईत! कागदावर तिला दगड म्हटलेलं होतं. पण मी वाचलं, एक शब्द न गाळता. दगडाशी आले तेव्हा माझी जीभ अडखळली, तर ती म्हणाली, "वाच, वाच. होतीच मी तशी." कढीचा दिवस झाला. ताप आला. धाकटीनं वाडगा पुढे केला आणि म्हटलं, 'मोठीबाई, मीठ पाहा बरोबर आहे का.' इथे मी थांबले. गंगा मी आदल्या रात्रीच खोडली होती.

"बाकी समदं बरोबर हाय," मोठीबाई म्हणाली. "हे शेवटचं खोटं हाय."

"खोटं कसं? म्याच तं कन्या आनल्या होत्या!"

"कन्या तू आनल्या. पन पयले मी बोलली. तू दारात आली तवा म्या 'पानी दे' म्हटलं तुले. तू पानी आनलं, मंग कन्या आनल्या, मंग बोलली."

"तापात बोललेलं धरत नाईत!"

"काहून धरत नाई? तोंड माहंच होतं ना?"

"तुमाले शुद्ध नोती! तुमी कोनालेही पानी मांगतलं असतं!"

"कोनाले कसं? म्या 'पुष्पे' म्हटलं. 'पुष्पे, पानी दे.' तुहं नाव घेतलं म्या."

हे मात्र मला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणून मी हटणार नव्हते. तीही हटेना. गरीब गाय म्हणे! देवरावांनी चहा आणून ठेवला, तो निवला, त्यांनी तो नेऊन पुन्हा गरम करून आणला, तरी आमचं चाललंच होतं. शेवटी तिच्या फोनची बॅटरी संपली. संपता संपता ती म्हणाली, "उद्या कर फोन. हे आपल्याले पक्कं करा लागंन."

रविवारी मी नाव सांगितलं. गणपतरावांचं तोंड उघडं पडलं, पण माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर मिटलं. "म्हंजे चूकच होती," ते म्हणाले आणि समाधानानं पोहे खाऊ लागले. वैदेहीला मी फोनवरचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं चष्मा काढून पुसला आणि विचारलं की मग आता रजत पोटात होता ते कथेत घालणार का. मी नाही म्हटलं. ते तिचं आहे, तिनं मला सांगितलं, मी कशाला चव्हाट्यावर मांडू.

कथा अंकाला गेली. थोरली अजून दगडच आहे, धाकटी अजून सोन्याचीच आहे, आणि तिसऱ्या पानावरच्या बरणीला मी हात लावलेला नाही. कथा तिथेच संपते. तापाचा आणि कण्यांचा प्रसंग मी काढून टाकला, पण तो पट्टीच्या सांगण्यावरून नव्हे. आधी कोण बोललं हे आम्हा दोघींचं अजून ठरलेलं नाही. रोज दुपारी जेवणं आटोपली की गावाहून फोन येतो, आणि आम्ही तासभर त्याच्यावरच बोलतो.